कादंबरीतला 'अंक्चुअस' व्हिकार मराठीत कसा आणायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: एका जुन्या इंग्रजी कादंबरीचं भाषांतर चाललंय, त्यात गावचा व्हिकार, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचा गावातला पाद्री, आहे आणि लेखक त्याला उठसूट 'अंक्चुअस' म्हणतो. तो अंक्चुअसली हसतो, अंक्चुअसली हात चोळतो, जमीनदारीणबाईंच्या तब्येतीची चौकशीही अंक्चुअसलीच करतो. डिक्शनरीत 'तेलकट', 'स्निग्ध', 'गोडबोल्या' असं काय काय मिळालं, मग सरळ 'ढोंगी' लिहून मोकळं व्हावं का?

नका लिहू. मी बरीच वर्षं एकोणिसाव्या शतकातलं इंग्रजी गद्य मराठीत आणायचं काम करतेय, आणि या काळातल्या पाद्री मंडळींना मराठीत सगळ्यात जास्त काय नडतं तर हे 'ढोंगी'. ढोंगी म्हटलं की तुम्ही त्या माणसाच्या आत शिरून निकाल देऊन टाकलात, की याच्या मनात एक आणि तोंडात दुसरं. अंक्चुअस हा शब्द आत शिरतच नाही, तो माणसाच्या वरवरच्या वागण्यावर थांबतो, म्हणजे आवाज, हसू, हाताचा स्पर्श, वाक्य किती लांबवतो, समोरच्याच्या किती जवळ उभा राहतो. तो व्हिकार मनापासून धार्मिक असेल, बाईंच्या तब्येतीची त्याला खरोखर काळजी असेल, तरीही तो अंक्चुअस असू शकतो, आणि चांगल्या लेखकाच्या हातात गंमत नेमकी तिथेच असते की वाचकाला शेवटपर्यंत कळत नाही हा माणूस लबाड आहे की नुसताच चिकट आहे. पहिल्याच पानावर 'ढोंगी' लिहिलं की पुढची तीनशे पानं तो प्रश्नच संपला.

आता हा शब्द पाद्र्यांनाच का चिकटला ते सांगते, कारण ते कळलं की पुढचे अर्धे निर्णय आपोआप होतात. मूळ लॅटिन क्रियापद म्हणजे तेल किंवा मलम चोपडणे. चर्चमध्ये हे तेल फार मानाचं. राजाला अभिषेक तेलाने, आजारी माणसासाठी प्रार्थना करताना कपाळाला तेल, आणि खुद्द 'ख्रिस्त' या ग्रीक शब्दाचा अर्थच तेलाने अभिषेक झालेला, आपल्या मराठी बायबलात 'अभिषिक्त' आहे तो हाच. २०२३ च्या मे महिन्यात तिसऱ्या चार्ल्सचा राज्याभिषेक टीव्हीवर पाहिला असेल तर आठवत असेल, सगळा सोहळा कॅमेऱ्यासमोर पण तेल लावायच्या वेळी मात्र भोवती पडदे उभे केले, कारण तो विधीचा सगळ्यात पवित्र भाग. तेल जेरुसलेममधून मंत्रवून आणलं होतं. तर प्रवचनात 'अंक्शन' आहे असं कुणी म्हणालं तर ती पूर्वी स्तुती असायची, म्हणजे हा माणूस नुसतं पाठ केलेलं बोलत नाही, याच्या शब्दांना वरून काहीतरी स्पर्श झालाय.

पण तेल ते तेलच. ते मुरतं तसं पसरतंही, आणि हाताला राहतं. १६०० च्या आसपासच्या हॅम्लेटमध्येच मुलगा आईला बजावतो की मनाला खोट्या समाधानाचं मलम चोपडून घेऊ नकोस, तिथे मलम म्हणून हाच शब्द येतो आणि त्याच्या आधी 'खुशामतखोर' असं विशेषण आहे. म्हणजे दुखण्यावरचं मलम आणि लाडीगोडीचं मलम यांची सरमिसळ तेव्हाच सुरू झाली होती. व्हिक्टोरियन काळ येईपर्यंत पारडं पूर्ण फिरलं, आणि ज्या शब्दाने प्रवचनकाराची स्तुती व्हायची त्याच शब्दाने त्याची टर उडायला लागली. शब्दाचा स्पर्शाचा अर्थ मात्र सगळा वेळ शाबूत होता. खनिजांच्या पुस्तकात शंखजिऱ्याचं वर्णन करताना आजही हाच शब्द वापरतात, बोटांत धरलं की कोरडं असूनही बुळबुळीत लागतं ते. आणि हल्ली तर इंग्रजी खाद्यसमीक्षक नळीतल्या गराला किंवा चरबीदार पोर्कला कौतुकाने अंक्चुअस म्हणतात, तेव्हा एखाद्या हॉटेलच्या रिव्ह्यूचं भाषांतर करत असाल तर हे सगळं उत्तर विसरा.

त्या काळच्या लेखकांनी हे तेल अक्षरशः तेल म्हणूनच वापरलंय, आणि ते बघण्यासारखं आहे. डिकन्सच्या ब्लीक हाउसमध्ये (१८५२-५३) चॅडबँड नावाचा उपदेशक आहे. तो चर्च ऑफ इंग्लंडचा नाही, कुठल्याच ठरावीक पंथाचा नाही, पण या जातीचा सगळ्यात मोठा नमुना. मोठा पिवळट देह, चरबीदार हसू, आणि अंगात भरपूर 'ट्रेन ऑइल' असल्यासारखा दिसतो. इथे एक सूचना, ट्रेन ऑइलचा आगगाडीशी काडीचा संबंध नाही, देवमाशाची चरबी वितळवून काढलेलं तेल ते, दिव्यात जाळायचे, आणि त्याला वास यायचा. हा गृहस्थ बोलायच्या आधी न चुकता आपला मोठा पंजा वर करतो, म्हणजे ऐकणाऱ्यांना कळावं की आता उपदेश होणार आहे. आणि खायला बसला की डिकन्स म्हणतो हा माणूस म्हणजे तेलाचा कारखानाच, घास गेला की त्याचं तेल. बघा, कुठेही 'हा ढोंगी होता' असं म्हणायची गरज पडली नाही.

ट्रॉलपचा ऑबडाया स्लोप (बार्चेस्टर टॉवर्स, १८५७) हा दुसरा प्रकार. हा बिशपचा खाजगी चॅपलन, म्हणजे त्याच्या पदरी असलेला पाद्री, तरुण, महत्त्वाकांक्षी. याचे फिकट लालसर सरळ केस तीन चपट्या लगद्यांत बसवलेले, प्रत्येक लगदा काटेकोर विंचरलेला आणि भरपूर ग्रीस लावून थापलेला, कपाळावर घामाचे थेंब आणि हात हातात घेतला तर गार आणि ओलसर. त्या काळी पुरुष केसांना मकॅसर तेल इतकं चोपडायचे की खुर्चीच्या पाठीला डाग पडू नयेत म्हणून बायका खास विणलेले रुमाल घालायच्या, त्यामुळे वाचकाला ते तेल नाकाने आणि बोटांनी ओळखीचं होतं. चॅडबँडचं तेल गरम आहे, स्लोपचं गार. तुमचा व्हिकार यातला कुठला ते आधी ठरवा. मला वाटतं हा फरक शब्द निवडण्यापेक्षा महत्त्वाचा आहे, कारण गरम तेलाचा माणूस मराठीत विनोदी होतो आणि गार तेलाचा माणूस किळसवाणा, आणि दोघांना एकच विशेषण लावलं तर दोघेही मरतात.

कादंबऱ्यांच्या बाहेरचं उदाहरण हवं असेल तर बिशप सॅम्युअल विल्बरफोर्स. गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या विल्यम विल्बरफोर्सचा मुलगा, १८४५ पासून ऑक्सफर्डचा बिशप, १८६० साली डार्विनच्या सिद्धांतावरून हक्सलीशी जुंपली तो हाच. याला अख्खा इंग्लंड 'सोपी सॅम' म्हणायचा, म्हणजे साबण्या सॅम. डिझरायलीने त्याच्या वागण्याला तेलाची नि साबणाची तीन जड लॅटिन विशेषणं एकापाठोपाठ लावली असं सांगतात, त्यातलं पहिलं आपलं अंक्चुअस. १८६४ मध्ये लॉर्ड वेस्टबरीने तर भर लॉर्ड्सच्या सभागृहात, चर्चच्या सभेने एका पुस्तकाविरुद्ध दिलेल्या निर्णयाबद्दल म्हटलं की हे वाक्य इतकं तेलकट आणि साबणासारखं आहे की कुणाच्या हातातच येत नाही, आणि समोर विल्बरफोर्स बसलेला. टोपणनावाचं कारण विचारलं की हा हसून सांगायचा म्हणे, मी नेहमी गरम पाण्यात सापडतो आणि दरवेळी हात स्वच्छ घेऊन बाहेर येतो म्हणून. (इंग्रजीत गरम पाण्यात सापडणं म्हणजे अडचणीत येणं, हा विनोद मराठीत अर्धाच पोचतो, चालायचंच.) आता हा माणूस आळशी किंवा खोटा अजिबात नव्हता, प्रचंड कामसू, १८५४ मध्ये त्याने कडस्डनला पाद्री तयार करायचं कॉलेज काढलं, आपला अख्खा विभाग पिंजून काढला. तरी तेल चिकटलं ते चिकटलंच. म्हणून म्हणते, हा शब्द चारित्र्याचा दाखला नाही, तो समोरच्याला काय वाटलं त्याची नोंद आहे.

पण पाद्रीच असे का वागत होते? इथे थोडा हिशेब बघावा लागतो, कारण माझ्या मते तेलाचं मूळ धर्मात कमी आणि नोकरीत जास्त आहे. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये गावच्या पाद्र्याची जागा म्हणजे एक उत्पन्नाची जागा, तिला इंग्रजीत 'लिव्हिंग' म्हणायचे, पोटापाण्याची सोय याच अर्थाने. रेक्टर आणि व्हिकार हे गावच्या पाद्र्याचेच दोन प्रकार. रेक्टरला गावच्या दशमांशातला, म्हणजे चर्चला द्यायच्या उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शातला, मोठा वाटा, म्हणजे धान्य, गवत वगैरे, आणि व्हिकारला किरकोळ, फळंफळावळ, कोंबड्या असलं. १८३६ च्या कायद्याने या वस्तूंचं रोख रकमेत रूपांतर सुरू झालं, पण उत्पन्न त्याच मुळातून. क्युरेट हा नुसता पगारी मदतनीस, पगार तुटपुंजा. आणि या जागेवर कुणाला नेमायचं हा हक्क कित्येक ठिकाणी गावच्या जमीनदाराच्या हातात, तो हक्क म्हणजे मालमत्ता, विकता यायचा, विकत घेता यायचा, त्याच्या वर्तमानपत्रात जाहिराती यायच्या. एकदा जागेवर बसलात की मात्र तुम्हाला उठवणं फार अवघड.

म्हणजे बघा कसं होतं. ऑक्सफर्ड-केंब्रिजचं शिक्षण, सभ्य घरातला, वागण्याबोलण्यात जंटलमन, पण खिशात काही नाही, आणि सगळं भवितव्य एखाद्या लॉर्डच्या किंवा त्याच्या बायकोच्या मर्जीवर. उघड लाळ घोटता येत नाही कारण अंगात पाद्र्याचा झगा, आणि तोरा दाखवता येत नाही कारण नेमणूक त्यांच्या हातात. या दोन्हींच्या मधे जे तयार होतं ते हे तेल, खुशामत पण धर्माच्या भाषेत गुंडाळलेली, की जेवणाचं कौतुकही देवाच्या कृपेचं वर्णन वाटावं. जेन ऑस्टेनच्या प्राइड अँड प्रेज्युडिसमधला (१८१३) पाद्री मिस्टर कॉलिन्स याच गणितातून आलाय, त्याची लेडी कॅथरीन म्हणजे त्याची मालकीण आणि जवळजवळ त्याची देवता. आणि कॉलिन्सचं विशेष हे की त्याला जागा मिळून गेलीय, आता कुणी काढू शकत नाही, तरी याचं तेल थांबत नाही, सवयच झाली. तर तुमच्या कादंबरीत हे शोधा की व्हिकारला जागा कुणी दिली, अजून काय हवंय, मुलीचं लग्न, मुलासाठी नोकरी, चर्चच्या छपराची दुरुस्ती, की बिशपची खुर्ची. तो तेल कुणाकडे सांडतो ते कळलं की त्याची भाषा सापडते. गरीब शेतमजुराशी बोलताना हाच माणूस एकदम कोरडा होत असेल, आणि तो फरक लेखकाने मुद्दाम ठेवलेला असतो.

दुसरं कारण आवाज. दगडी चर्च, उंच छत, मायक्रोफोन नाही, एक शब्द उच्चारला की तो भिंतींवर आपटून पुढच्या शब्दावर येऊन पडणार, म्हणून पाद्री हळू, स्वर लांबवून, एका सुरात बोलायला शिकायचे आणि वाक्याच्या शेवटी खाली उतरायचे. घशाला याचा इतका ताण यायचा की त्या काळच्या डॉक्टरांनी 'क्लर्जीमन्स सोअर थ्रोट' म्हणजे पाद्र्यांचा घसा असं रीतसर दुखण्याचं नावच ठेवलं होतं, त्याला भारदस्त लॅटिन नावही होतं, आणि दाढी वाढवा म्हणजे घशाला ऊब राहील असा सल्लाही दिला जायचा. तर हा रविवारचा आवाज सोमवारी दिवाणखान्यात आला की ऐकणाऱ्याला हसू फुटतं, कीर्तनकाराने घरी चहा मागतानाही पूर्वरंग लावावा तसं. या आवाजी पाद्रीपणासाठी इंग्रजीत 'पार्सॉनिकल' असं वेगळं विशेषण होतं, तेही आता जुनं झालं. तुमच्या लेखकाने 'अंक्चुअस आवाज' म्हटलं असेल तर बहुधा या दोन्ही गोष्टी एकत्र आहेत, लांबवलेला सूर आणि वरून ओतलेली माया.

शेजारचे शब्द पटकन सांगून टाकते, कारण एकाच कादंबरीत तीन-चार येतात आणि सगळ्यांना 'ढोंगी' करून टाकायचा मोह होतो. सँक्टिमोनियस म्हणजे मी किती सोवळा ते दाखवणारा, त्याची नजर स्वतःवर, अंक्चुअसची तुमच्यावर. कँटिंग म्हणजे धार्मिक शब्दांची टकळी लावणारा. स्मार्मी हा विसाव्या शतकातला, केसांना तेल थापण्यावरूनच आलेला, पण त्याला चर्चचा वास नाही, सेल्समनला चालतो.

आता मराठी. 'तेलकट' पहिल्यांदा सुचतो आणि पहिल्यांदा टाकून द्यावा लागतो, तेलकट म्हणजे भजी, तेलकट म्हणजे चेहरा न धुतलेला मुलगा. वागणं तेलकट असं आपण म्हणत नाही. 'स्निग्ध' तर उलट्या बाजूला नेतो. संस्कृतात स्नेह म्हणजे तेलही आणि प्रेमही, त्यामुळे स्निग्ध नजर ही आपल्याकडे आईची किंवा प्रेयसीची. इंग्रजांना तेलात लबाडी दिसली, आपल्याला माया. व्हिकारची नजर स्निग्ध लिहिलीत तर वाचक त्याच्या प्रेमात पडेल. 'ओशट' मात्र फार कामाचा शब्द आहे आणि का कोण जाणे लोक विसरतात, तुपाचं भांडं गार पाण्याने धुतल्यावर हाताला राहतं ते ओशट. स्लोपसारख्या गार तेलाच्या माणसाला, 'त्याच्या हाताचा स्पर्श ओशट होता', 'ओशट हसू', उत्तम बसतो. गरम तेलवाल्यासाठी 'गुळचट' किंवा 'गुळमट', 'गुळचट आवाजात म्हणाले' हे कुठल्याही मराठी वाचकाला लगेच ऐकू येतं. 'लाघवी' आणि 'मधाळ' हे शब्द चांगल्या अर्थाकडे झुकतात, पण त्या पात्रावर भाळलेल्या एखाद्या बाईच्या तोंडी द्यायला छान. 'साळसूद' म्हणजे काही माहीतच नसल्याचा आव, वेगळी गोष्ट.

आणि 'मानभावी'. हा शब्द सुचणारच तुम्हाला, कारण तोही धार्मिक माणसांवरून आलेला, महानुभावचा मानभाव, मानभावचं मानभावी, शिवाय 'करणी कसायाची, बोलणी मानभावाची' ही म्हण तयार. अर्थसुद्धा बऱ्यापैकी जवळ. तरी मी वापरत नाही. एक तर तो एका जिवंत पंथावर मारलेला जुना शेरा आहे, चक्रधरांचा पंथ, ज्यांच्या लीळाचरित्रापासून आपण मराठी गद्याची सुरुवात सांगतो, आणि त्या घरातल्या वाचकाला तो शब्द कसा लागत असेल याचा आपण विचारच करत नाही. दुसरं म्हणजे मानभावीपणात थंड हिशेब आहे, वरून शांत, आतून धोरणी. अंक्चुअस माणसाला शांत राहणं जमत नाही, तो सतत काहीतरी ओतत असतो.

खरं सांगू का, बहुतेक वेळा विशेषण सोडून द्यायचं आणि ते काम वाक्यावर टाकायचं. समजा वाक्य असं आहे की व्हिकार अंक्चुअस हसला आणि म्हणाला, बाईंना बरं वाटलेलं पाहून मला आनंद झाला. 'व्हिकार तेलकट हसला' हे मराठीच नाही. 'व्हिकार लबाडपणे हसला' मराठी आहे पण चूक आहे. आता हे बघा: 'व्हिकारसाहेबांचं हसू तोंडभर पसरलं आणि पसरलेलंच राहिलं. "बाईसाहेबांना आज बसतं-उठतं पाहिलं, आता मागावं असं परमेश्वराकडे माझ्यासारख्याचं काही उरलंच नाही," ते म्हणाले.' विशेषण कुठेच नाही आणि तेल सगळीकडे. मूळ वाक्याच्या बाहेर आपण गेलोय का, तर थोडं गेलोय, हसू 'पसरलेलंच राहिलं' हे मी घातलं. पण इंग्रजी वाचकाला त्या एका शब्दात जे दिसत होतं तेवढंच घातलंय, त्याहून जास्त नाही. हे दर वाक्याला करू नका, पहिल्या दोन-तीन प्रवेशांत करा, एकदा माणूस उभा राहिला की पुढे नुसतं 'म्हणाले' पुरतं.

इथे मराठीकडे एक हत्यार आहे जे इंग्रजीकडे नाही, ते म्हणजे आदरार्थी बहुवचन. निवेदनात व्हिकारला 'तो' करू नका, 'ते' करा, 'व्हिकारसाहेब' करा, आणि शेवटपर्यंत तसंच ठेवा. जितका तो चिकट होईल तितकं निवेदन अदबीचं ठेवायचं, मग उपरोध आपोआप येतो. एका संपादकांनी माझ्या अशाच एका हस्तलिखितात सगळे 'ते' काढून 'तो' केले होते, कारण म्हणे हे पात्र आदराला पात्र नाही, मला दोन दिवस फोनवर भांडावं लागलं. पात्र आदराला पात्र नसतानाही सगळं गाव त्याला आदराने बोलतंय हाच तर विनोद आहे!

बोलण्यात 'आपण' आणि '-वं'ची रूपं भरपूर वापरा, 'यावं', 'बसावं', 'कृपा असावी', 'आपल्या कानावर घालावं म्हणून आलो', या रूपांत माणूस मागतो पण मागितल्यासारखं दिसत नाही, व्हिकारची हीच कला. लहान मुलांशी बोलताना 'बाळा', 'माझ्या लेकरा'. जमीनदारीणबाईला 'बाईसाहेब' पुरे, 'मातोश्री'पर्यंत जाऊ नका, ते दरबारी नाटक होतं. क्युरेट व्हिकारशी बोलताना वेगळं ठेवा, तिथे अदब असते पण तेल नसतं, भीती असते.

धार्मिक शब्दांबद्दल जरा जपून. आपल्याकडे ख्रिस्ती मराठीची स्वतःची चाल आहे, 'प्रियजनहो', 'देवबाप', 'प्रभूची स्तुती असो', मराठी बायबलमधून आणि १८४२ पासून निघणाऱ्या ज्ञानोदयसारख्या नियतकालिकांमधून ती घडत आली. रेव्हरंड टिळकांनी तर कीर्तन आणि अभंग घेऊन ख्रिस्ती भक्तीला अस्सल मराठी सूर दिला. ही भाषा व्हिकारच्या तोंडी घालायला हाताशी आहे आणि घालावी, नाहीतर तो 'भगवंताची लीला' वगैरे म्हणायला लागतो आणि इंग्लंडच्या खेड्यातून थेट आळंदीला पोचतो. पण नगर-वसईच्या वाचकासाठी हे शब्द रोजचे आणि मनापासूनचे आहेत, तेव्हा हसू शब्दांचं होऊ देऊ नका, शब्द कुठे वापरला त्याचं होऊ द्या. 'देवबापाची करुणा' हे आजाऱ्याच्या उशाशी बोललं तर कुणाला हसू येत नाही, पण भाजलेल्या बदकाचा दुसरा तुकडा ताटात घेताना बोललं की काम झालं.

आणि त्याला 'फादर' करू नका. मराठी वाचकाच्या डोळ्यासमोर पाद्री म्हटलं की गोव्याचा किंवा वसईचा कॅथलिक फादर येतो, पांढरा झगा, लग्न न केलेला. तुमचा व्हिकार बायकामुलांचा माणूस आहे, काळा कोट घालतो, बागेत गुलाब लावतो, पाकिटावर 'रेव्हरंड' आणि समोरासमोर 'मिस्टर'. पहिल्या दोन पानांत त्याची बायको एकदा तरी दिसू द्या, मूळात उशिरा येत असेल तर 'व्हिकारच्या घरची मंडळी' असा उल्लेख तरी सरकवा, म्हणजे वाचक गोंधळणार नाही.

शेवटची एक गोष्ट, अशा कादंबऱ्यांत एक प्रसंग हमखास असतो जिथे व्हिकारचं तेल संपतं. कुणीतरी पैशाचा विषय काढतं, किंवा मुलीचं ठरलेलं लग्न मोडतं, आणि तो एकदम तोडून बोलतो. त्या प्रसंगासाठी 'तुम्ही' शिल्लक ठेवा. तोपर्यंत बाईसाहेबांशी बोलताना 'आपण' सोडून एकदाही दुसरं काही येता कामा नये, एखाद्या साध्या वाक्यात चुकून आलं असेल तर प्रूफं तपासताना शोधून काढा. मग त्या प्रसंगात नुसतं 'तुम्ही काय म्हणताय ते मला कळलं, बाई' एवढं लिहिलंत तरी पुरेल, 'रागाने' लिहायचीसुद्धा गरज नाही.